मुळात शिरणाऱ्या जिवाणूला विकर किती लागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जिवाणू संवर्धकांच्या, म्हणजे बियाण्याला लावायच्या उपकारक जिवाणूंच्या, माहितीपत्रकात बरेचदा लिहिलेलं असतं, की हा वाण सेल्युलेज आणि पेक्टिनेज ही पेशीभित्तिका तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, भरपूर तयार करतो, म्हणून तो मुळात लवकर शिरतो. हे खरं का? खरं असेल, तर मुळं कुजवणारे जिवाणूही हीच विकरं वापरतात, मग उपकारक आणि अपायकारक यांच्यात फरक काय? आणि जिवाणूंच्या ऐवजी नुसती विकरंच मातीत घातली तर चालतील का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. विकरं लागतात, यात शंका नाही. शंका आहे ती प्रमाणाबद्दल. मुळांवरचे जिवाणू वेगळे करणं, त्यांचे वाण तपासणं आणि त्यातून संवर्धकासाठी निवड करणं हे माझं रोजचं काम आहे. या कामात माणसाची सगळ्यात जास्त दिशाभूल करतं ते विकराच्या चाचणीत प्लेटवर जिवाणूभोवती दिसणारं मोठं वलय. त्याच्याकडे पुढे येतोच, पण ते दिशाभूल का करतं हे कळायला जिवाणू मुळापाशी पोचून काय काय करतो ते आधी पाहायला हवं.

पानात तयार झालेल्या अन्नाचा बराचसा वाटा रोप मुळांवाटे मातीत सोडतं: साखरा, अमिनो आम्लं, मॅलिक आणि सायट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं, फ्लॅव्होनॉइड्स नावाची वनस्पतीजन्य रसायनं, शिवाय मुळाच्या टोकावरून सुटणाऱ्या पेशी आणि चिकट द्रव. त्यामुळे मुळाला लागून असलेल्या मातीच्या पातळ थरात जिवाणूंची गर्दी असते, दूरच्या मातीपेक्षा १० ते १०० पट. या थराला लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ साली रायझोस्फियर हे नाव दिलं. जिवाणू या स्रावांच्या दिशेने पोहत येतो आणि मुळावर चिकटतो. पण चिकटणं वेगळं आणि बस्तान बसवणं वेगळं. मूळ वाढत राहतं, त्याची कातडी बदलत राहते, शेजारी स्पर्धक असतात आणि रोपाची संरक्षण यंत्रणा जागी असते. विकरांचं खरं काम इथून पुढे आहे.

मुळात शिरण्याचं सगळ्यात बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण रायझोबियमचं, म्हणजे शेंगवर्गीय रोपांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. शेंगवर्गीय रोपाच्या मुळातून फ्लॅव्होनॉइड्स बाहेर पडतात. ती ओळखणारं रायझोबियमचं नॉड-डी हे प्रथिन बाकीची नॉड जनुकं, म्हणजे गाठीसाठी लागणारी जनुकं, चालू करतं. त्यांतून तीन महत्त्वाची विकरं तयार होतात. नॉड-सी साखरेचे साधारण चार-पाच रेणू ओवून छोटी साखळी बनवतं, नॉड-बी तिच्या टोकाचा अ‍ॅसिटिल गट काढून टाकतं आणि नॉड-ए त्या मोकळ्या जागी मेदाम्लाची शेपटी जोडतं. तयार होतो तो नॉड फॅक्टर. त्याची रचना १९९० मध्ये उलगडली. तो इतका प्रभावी असतो, की नॅनोमोलर किंवा त्याहूनही कमी तीव्रतेला मुळावरचे सूक्ष्म केस, म्हणजे मूलरोम, प्रतिसाद देतात. विकरं म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी तोडणारं, कुजवणारं येतं. पण रायझोबियमची मुळाशी ओळख होते ती या जोडकाम करणाऱ्या विकरांमुळे, आणि माहितीपत्रकांत त्यांचा उल्लेख मला कधी दिसत नाही.

नॉड फॅक्टर मिळाला, की मूलरोमाचं वाढतं टोक वळून स्वतःवरच दुमडतं आणि त्या घडीत काही जिवाणू अडकतात. मूलरोमाची जाडी असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, जिवाणूची लांबी त्याच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढी. आता समोर उरते ती पेशीभित्तिका: सेल्युलोजचे धागे आणि त्यांच्यामध्ये भरलेलं हेमिसेल्युलोज व पेक्टिन. इथे क्लोव्हर या शेंगवर्गीय चारापिकाच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियममधलं सेल-सी-टू नावाचं सेल्युलेज कामाला येतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की या विकराचं जनुक निकामी केलेला वाण संसर्गाच्या जागी भित्तिका भेदू शकत नाही. उलट शुद्ध केलेलं हे विकर मुळावर घातलं, तर ते मूलरोमाच्या टोकालाच छिद्र पाडतं, बाकी भित्तिकेला हात लावत नाही. कारण हे विकर स्फटिकासारखी घट्ट रचना झालेलं सेल्युलोज तोडू शकत नाही. त्याला लागतं ते अजून नीट न बसलेलं, कोवळं सेल्युलोज, आणि तसं ते फक्त वाढत्या टोकाशीच असतं. म्हणजे हत्यारच असं घडलेलं आहे, की जिथे शिरायचं तेवढ्याच जागी ते चालावं.

या कुळातल्या विकरांची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. क्लोव्हरच्या रायझोबियममधली सेल्युलेज आणि पेक्टिन तोडणारी विकरं मुख्यतः जिवाणूच्या पेशीलाच धरून असतात, बाहेर पाझरत नाहीत. १९९२ मध्ये ती पहिल्यांदा खात्रीशीरपणे मोजली गेली तेव्हा त्यासाठी दोन थरांची प्लेट आणि जास्त संवेदनशील रासायनिक पद्धती वापराव्या लागल्या. रायझोबियमकडे अशी विकरं आहेत की नाहीत, हा प्रश्न त्याआधी बराच काळ लोंबकळत होता. गाठी तर होत होत्या, पण साध्या चाचणीत विकर काही हाती लागत नव्हतं. मुळात शिरण्यात इतका तरबेज असलेला जिवाणू साध्या प्लेटवर जवळजवळ रिकाम्या हाताचा दिसतो, हे वाण निवडणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावं.

छिद्र पडल्यानंतरचं बरंच काम रोप स्वतःच करतं. मूलरोमाच्या आत एक बारीक नळी तयार होते, तिला संसर्गधागा म्हणतात. जिवाणू त्या नळीत विभाजन पावत आत सरकतात. लोटस जॅपोनिकस या शेंगवर्गीय वनस्पतीवरच्या २०१२ मधल्या कामात असं आढळलं, की या टप्प्यासाठी लागणारं पेक्टेट लायेज हे पेक्टिन तोडणारं विकर रोपाचं स्वतःचं असतं. रोपाचं ते जनुक बिघडलं, तर जिवाणू कितीही सक्षम असला तरी संसर्गधागे नीट होत नाहीत. भित्तिका कुठे आणि किती सैल करायची, यावर रोपाचा असा ताबा असतो.

गाठी न करता मुळाच्या आत राहणाऱ्या जिवाणूंची, म्हणजे एंडोफाइट्सची कथा थोडी वेगळी आहे. भातमुळांत राहणाऱ्या अझोआर्कसच्या बीएच-७२ या वाणाकडे एंडोग्लुकानेज हे सेल्युलोज तोडणारं विकर आहे. पण सेल्युलोज हे या जिवाणूचं अन्नच नाही, त्यावर तो वाढू शकत नाही. तरीही ते विकर काढून घेतलं, की त्याला मुळात धड शिरता येत नाही. २००६ मधल्या या निष्कर्षामुळे चित्र बरंच स्पष्ट झालं: विकर जपलं आहे ते पोट भरायला नाही, वाट काढायला. अनेक एंडोफाइट्स तर वाटही तयार मिळेल तिथेच शोधतात. उपमूळ फुटताना मुख्य मुळाची साल फाकते आणि तिथे नैसर्गिक भेग पडते. भुईमुगात गाठी करणारं ब्रॅडीरायझोबियम मूलरोमातून न जाता याच भेगांतून आत जातं. अशा जागी मोठी तोडफोड करावी लागत नाही, पेशींमधलं पेक्टिन जरासं सैल झालं तरी पुरतं.

आता दुसरा प्रश्न, रोगकारकांशी असलेल्या फरकाचा. बटाटा, गाजर यांसारख्या पिकांत मऊ कुज करणारं पेक्टोबॅक्टेरियम घ्या. तेही पेक्टिन तोडतं. पण त्याच्याकडे पेक्टेट लायेजचे अनेक प्रकार असतात, ती सगळी विकरं पेशीबाहेर ओतली जातात, आणि जिवाणूंची संख्या पुरेशी झाल्याचा रासायनिक इशारा मिळाल्यावर सगळे मिळून एकदम ओततात. पेशींना एकमेकींशी जोडणारं पेक्टिन विरघळतं, ऊती लगदा होतात आणि पेशीतलं अन्न बाहेर येतं. त्या अन्नावरच जिवाणू जगतो. घरात शिरायला दाराची कडी काढणं आणि घरच पाडून विटा विकणं, इतका हा फरक आहे. हत्यार एकाच जातीचं असू शकतं. ते किती तयार होतं, पेशीला धरून राहतं की बाहेर सुटतं, आणि कोणत्या इशाऱ्यावर चालू होतं, यावरून सोबती की रोगकारक ते ठरतं. उपकारक वाणांकडे सहसा या विकरांची संख्याही कमी असते. त्यांचं अन्न म्हणजे मुळाचे स्राव, आणि ते जिवंत मुळाकडूनच मिळतात.

मुळाच्या पृष्ठभागावर टिकून राहण्यातही विकरांचा मोठा वाटा आहे. चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं, प्रथिनांचं आणि काही वेळा सेल्युलोजचं आवरण करतात. हीच जैवझिल्ली, म्हणजे बायोफिल्म. वर सांगितलेलं सेल-सी-टू इथेही दिसतं. जिवाणू स्वतः जे सेल्युलोजचे धागे बनवतो, त्यांची लांबी हे विकर छाटून आवाक्यात ठेवतं. २०१२ मध्ये या विकराचा अभाव असलेला आणि ते गरजेपेक्षा जास्त बनवणारा, असे दोन्ही वाण तपासले गेले. विकर नसलेल्या वाणाचे धागे फार लांब झाले आणि जिवाणू गुठळ्या करून बसले. जास्त विकर बनवणाऱ्याचे धागे दिसेनासेच झाले. आणि जैवझिल्ली दोघांचीही कमकुवत झाली, काचेसारख्या निर्जीव पृष्ठभागावरही आणि मुळावरही. 'जास्त विकर म्हणजे जास्त चांगला जिवाणू' या समजुतीला यापेक्षा सरळ उत्तर माझ्या माहितीत नाही.

बॅसिलस सबटिलिस या मुळांवर राहणाऱ्या जिवाणूची पद्धत वेगळी आहे. रोपाच्या पेशीभित्तिकेतलं पेक्टिन, झायलन, अरॅबिनोगॅलॅक्टन हे पदार्थ त्याच्यासाठी एकाच वेळी इशारा आणि कच्चा माल ठरतात, असं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. ते भेटले की तो जैवझिल्ली करायला घेतो, आणि त्यांतून मिळालेली साखर स्वतःच्या आवरणात वापरतो. मुळातून पाझरणाऱ्या सुक्रोजचं तो काय करतो, तेही पाहण्यासारखं आहे. लेव्हानसुक्रेज हे त्याचं विकर सुक्रोज फोडून फ्रुक्टोजची लांब साखळी, लेव्हान, तयार करतं. लेव्हानमुळे जिवाणूंत शेपट्यांची, म्हणजे फ्लॅजेलांची, निर्मिती वाढते आणि ते घट्ट पृष्ठभागावर वेगाने पसरू लागतात. म्हणजे हे विकर मुळाला कुठेही इजा न करता मुळावर पसरायला मदत करतं.

रोपाच्या संरक्षण यंत्रणेशी जुळवून घेणं हा पुढचा भाग. फ्लॅजेलातल्या प्रथिनाचा एक ठरावीक तुकडा रोप ओळखतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या तीव्र रसायनांचा मारा करतं. कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही विकरं त्या माऱ्यातून जिवाणूला तगवतात. स्यूडोमोनास या जिवाणूच्या काही जातींतलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, तर सुटं झालेलं फ्लॅजेलाचं प्रथिनच तोडून टाकतं, म्हणजे रोपाला ओळखायला काही उरत नाही. ही युक्ती रोग करणाऱ्या जातींतही आहे, त्यामुळे तिला सरसकट चांगला गुण म्हणता येत नाही.

एसीसी डिअ‍ॅमिनेज या विकराबद्दल मात्र मी जरा भरभरून बोलेन, कारण कोरड, खारटपणा किंवा पाणी साचण्याच्या ताणात याचा परिणाम रोपावर डोळ्यांना दिसतो. ताण आला किंवा जिवाणू शिरू लागले, की रोपात इथिलीन हे संप्रेरक वाढतं. ते मुळाची वाढ रोखतं आणि गाठींची संख्याही घटवतं. इथिलीन ज्या रेणूपासून बनतं त्याला एसीसी म्हणतात. तो थोडा मुळातून बाहेर पाझरतो. एसीसी डिअ‍ॅमिनेज असलेला जिवाणू तो आत घेतो आणि त्याचे अल्फा-कीटोब्युटिरेट आणि अमोनिया असे दोन भाग करतो, म्हणजे त्याला नायट्रोजनही मिळतो. बाहेरचं एसीसी घटलं की मुळातलं आणखी पाझरतं आणि आतलं इथिलीन कमी होतं. या विकराची एसीसीवरची पकड रोपाच्या स्वतःच्या विकराच्या मानाने ढिली आहे. त्यामुळे ते रोपाचं इथिलीन पूर्ण बंद पाडत नाही, फक्त त्याचा कडेलोट टाळतं. रोपाला रोगांशी लढायला इथिलीन लागतंच, म्हणून ही ढिली पकड दोघांच्याही फायद्याची आहे. हे विकर पहिल्यांदा १९७८ मध्ये स्यूडोमोनासच्या एका वाणात सापडलं. अल्फाल्फावर, म्हणजे लसूणघासावर, गाठी करणाऱ्या रायझोबियमच्या ज्या वाणात ते आधी नव्हतं त्यात त्याचं जनुक घातलं, तेव्हा गाठींची संख्या ३५ ते ४० टक्क्यांनी वाढल्याचं २००४ मध्ये नोंदलं गेलं.

आता ते वलय. सेल्युलेजची नेहमीची चाचणी अशी: अगारमध्ये कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज मिसळतात, त्यावर जिवाणूचा ठिपका देतात, वाढ झाली की काँगो रेड हा रंग ओततात आणि मिठाच्या पाण्याने धुतात. न तुटलेल्या सेल्युलोजला लाल रंग धरून राहतो, तुटलेल्या जागी फिकट वलय उमटतं. चाचणी सोपी आहे, सुंदर दिसते आणि फोटोही छान येतो. पण ती फक्त पेशीबाहेर सुटलेलं विकर पकडते. शिवाय कार्बोक्झिमिथाइल सेल्युलोज हा पाण्यात विरघळणारा, बदललेला पदार्थ आहे. मुळाच्या भित्तिकेतलं, पेक्टिन आणि हेमिसेल्युलोजमध्ये गुंतलेलं सेल्युलोज तसं नसतं. आणि प्लेटवर जिवाणूला आयतं अन्न मिळतं, तर मातीत त्याला स्पर्धा करून ते मिळवावं लागतं. सगळ्यात मोठं वलय देणारे वाण बरेचदा कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगणारे निघतात. कंपोस्टसाठी ते उत्तम, मुळासाठी असतीलच असं नाही.

स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीतही हेच घडतं. पिकोव्हस्काया माध्यमावर, जे १९४८ पासून वापरात आहे, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट विरघळून वलय दिसतं. पण ते फॉस्फेट थोड्याशा आम्लानेही विरघळतं. मातीत स्फुरद लोह-अ‍ॅल्युमिनियमला बांधलेला असेल, किंवा माती चुनखडीची असून आम्ल तिथल्या तिथे जिरत असेल, तर त्या वलयावरून फारसं काही सांगता येत नाही.

म्हणून वाण निवडताना मी वलयाच्या आकाराला शेवटचा क्रमांक देतो. आधी पाहतो तो मुळावर प्रत्यक्ष टिकतो का. त्यासाठी वाणाचा रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा प्रकार निवडून तो बियाण्याला लावतो, म्हणजे नंतर मातीतल्या बाकीच्या जिवाणूंतून तो वेगळा ओळखता येतो. निर्जंतुक न केलेल्या मातीत रोप वाढवतो. निर्जंतुक मातीत जवळजवळ कोणीही टिकतं, त्या निकालाला अर्थ नसतो. मग मूळ काढून त्याचे वरचा, मधला आणि टोकाकडचा असे तुकडे करतो आणि प्रत्येकावरची संख्या वेगळी मोजतो. हे वेगळं मोजणं टाळू नका. पुष्कळ वाण बियाण्याजवळ भरघोस दिसतात आणि वाढत्या टोकापर्यंत पोचतच नाहीत. मूळ पुढे निघून जातं, जिवाणू मागे राहतो. आतल्या वसाहतीचा दावा करायचा असेल तर मुळाचा पृष्ठभाग सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून, धुऊन, मग मूळ वाटून मोजायचं. आणि शेवटच्या धुवणाचं पाणीही प्लेटवर घालून पाहायचं. त्या पाण्यातून वाढ आली तर आतली म्हणून मोजलेली संख्या बाहेरचीच असू शकते, आणि अख्खा प्रयोग पुन्हा करावा लागतो.

पेक्टिन तोडणारा कोणताही नवा वाण शेतात नेण्याआधी बटाट्याच्या कापावर तपासा. निर्जंतुक केलेल्या कापावर ठिपका देऊन एक-दोन दिवस ओलसर ठेवायचं. काप मऊ पडून पाझरू लागला, तर तो वाण तिथेच बाजूला काढायचा, त्याचे बाकी गुण कितीही चांगले असोत. हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण मऊ कुज करणारा वाण संवर्धक म्हणून पसरला तर तो परत गोळा करता येत नाही. काप टणक राहिला म्हणून वाण पूर्ण सुरक्षित ठरत नाही, पुढच्या तपासण्या करायच्याच. पण ही पहिली चाळणी स्वस्त आणि बोलकी आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: नुसती विकरं मातीत घातली तर? मुळात शिरण्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. विकर म्हणजे प्रथिन. मातीत पडल्यावर त्यातलं बरंचसं चिकणमातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून निष्क्रिय होतं, उरलेलं इतर सूक्ष्मजीवांची प्रोटिएज पचवून टाकतात. जे तगेल ते मूलरोमाच्या टोकापाशी, जिवाणू चिकटलेल्या नेमक्या जागी आणि नेमक्या वेळी पोचण्याची काही सोय नसते. आणि समजा पोचलंच, तर त्याने पाडलेल्या छिद्रातून आधी कोण शिरेल हे आपल्या हातात नसतं. एसीसी डिअ‍ॅमिनेज तर जिवाणूच्या पेशीच्या आतच काम करतं, त्यामुळे ते बाटलीतून देण्याचा प्रश्नच येत नाही. काडीकचरा लवकर कुजवायला सेल्युलेजची मिश्रणं वापरण्याला माझी हरकत नाही, तिथे तोडफोडच हवी असते. मुळांसाठी मात्र जिवंत जिवाणूच द्या, बियाण्याला लावून द्या, लावल्यावर बियाणं उन्हात ठेवू नका, आणि बियाण्याला बुरशीनाशक लावायचं असेल तर ते त्या जिवाणूला मारक नाही ना, हे आधी विचारून घ्या. शेंगवर्गीय पिकाला पेरणीच्या वेळी नत्राचा मोठा हप्ता दिलात, तर रोप गाठी करण्याच्या भानगडीतच पडत नाही, मग वाण कोणताही असो.